मला न विचारता आलेली मैना

मी एक जुना कुत्रा आहे. कुत्र्याला म्हातारा म्हणतात, जुना म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी मी मुद्दाम जुना म्हणतो. कारण आमच्या घरात एक नवी कुत्री आली आणि त्या दिवशी मी एकाएकी जुना झालो. त्याआधी मी नुसता कुत्रा होतो. कुत्रा कुठे आहे, असं कोणी विचारलं तर तो मीच असायचो. त्यात नवं-जुनं काही नसायचं.

मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगताना पुष्कळ जण सुस्कारे टाकतात. मी टाकणार नाही. माझ्यावर अन्याय झाला होता आणि तो आठवला की आजही माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. तुमच्या भाषेनेसुद्धा आम्हाला कधी न्याय दिलेला नाही. कोणाची फार दुर्दशा झाली की त्याचे हाल कुत्रं खाईना म्हणता. कोणी सुधारत नसला की कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच म्हणता. माझं शेपूट वाकडं आहे आणि ते तसंच असायला हवं. सरळ शेपटीचं मी काय करू? त्यावर तुमचे सदरे वाळत घालू?

असो. मुळापासून सांगतो.

माझा जन्म कुठे झाला ते मला माहीत नाही. मला पहिल्यांदा आठवतो तो लाकडाचा वास. एका मालवाहू ट्रकमध्ये फळ्यांच्या थप्पीत मी अडकलो होतो. ट्रक एका सुतारकामाच्या कारखान्यापुढे थांबला, फळ्या उतरवायला लागले, आणि खालच्या फळीबरोबर मीही उतरलो. कारखान्याचे मालक मिस्त्री मला बघून हसले. मी मात्र हसण्यावारी नेण्याच्या मनःस्थितीत नव्हतो, मला भूक लागली होती. समोर भुशाचा ढीग दिसला. त्यात काही खायला असेल म्हणून मी नाक खुपसलं आणि गोल गोल फिरत आत शिरत गेलो.

"अरे, हे तर गिरमिट आहे!" मिस्त्री म्हणाले.

गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार. तेच माझं नाव पडलं.

घर लहानसंच होतं. पुढे कारखाना, त्याच्या मागे एक खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या. मिस्त्री खुर्च्या, कपाटं, दारं बनवायचे. त्यांच्या बायकोला सारी गल्ली वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. पॉलिशचं काम वहिनींकडे. त्यांनी हात फिरवलेल्या टेबलात मला माझं तोंड दिसायचं. त्यांची एकुलती एक मुलगी लहानपणी लाकडाच्या बाहुलीसारखी एका जागी बसून राहायची, म्हणून तिला सगळे ठकी म्हणायचे. पुढे ती एक क्षण एका जागी बसेनाशी झाली, पण नाव काही बदललं नाही.

कामाच्या टेबलाखाली एक पोतं घडी करून टाकलेलं असे. ते माझं. मिस्त्री रंधा मारायला लागले की लाकडाच्या पातळ, गुंडाळलेल्या साली माझ्या अंगावर पडत. त्यांचा डावा पाय माझ्या पाठीला टेकलेला असे. रंधा पुढे गेला की पाय दाबला जाई, मागे आला की सैल पडे. त्या तालावर मी वाढलो. गिऱ्हाईक आलं की सांगायचं, उधारीवाला आला की जरा मोठ्याने सांगायचं, लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्याजवळ मांजर फिरकू द्यायचं नाही, ही माझी कामं. एकदा भर दुपारी सगळी मंडळी मागे जेवायला बसली होती. जवसाच्या तेलाने माखलेल्या पॉलिशच्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून टाकल्या होत्या. अशा चिंध्या आपोआप तापतात. मला जळका वास आला. मी इतका भुंकलो की मिस्त्री हातातला घास टाकून धावत आले. चिंध्यांतून धूर निघत होता आणि शेजारीच पातळ फळ्यांची उभी थप्पी. त्या दिवसानंतर मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "कारखान्याला कुलूप नसलं तरी चालेल, गिरमिट पाहिजे."

हे मी बढाई मारायला सांगत नाही. पुढे काय झालं ते ऐकताना हे लक्षात असू द्या, एवढंच.

मिस्त्रींना एक थोरली बहीण होती, आक्का. आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच मिस्त्रींना लहानाचं मोठं केलं. त्या एका शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर दूरच्या एका वस्तीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. एकट्या म्हणजे त्यांच्या कुत्रीबरोबर. एका सकाळी जिन्यात त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात हाड बसवलं, पण आता जिना चढायचा नाही, एकटं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मिस्त्रींनी मागची खोली रिकामी केली, स्वतः पलंग बनवला, पलंगाला धरून उठता येईल असा दांडा बसवला. पलंगाची उंची आक्कांच्या गुडघ्याला बेतून दोनदा कापली. घरात चार दिवस त्याचीच चर्चा होती. पडदे कोणते, दिवा कुठे, औषधं कोणत्या फळीवर. सगळं ठरलं.

मला मात्र कोणी अवाक्षर सांगितलं नाही.

एके दिवशी दारात गाडी थांबली. आधी आक्कांना धरून आत नेलं. मी शेपूट हलवून स्वागत केलं, माझ्या बाजूने काही उणं ठेवलं नाही. मग मिस्त्री परत गाडीकडे गेले आणि एक बुटकी, पांढरी, पिंपासारखी कुत्री उचलून घेऊन आले. उचलून! मला ज्या हातांनी भुशाच्या ढिगातून बाहेर काढलं होतं त्याच हातांत ती बसली होती. ते थेट कामाच्या टेबलापाशी आले, तिला माझ्या पोत्यावर ठेवलं, माझीच वाटी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "गिरमिट, ही मैना. आता दोघं मिळून राहा."

झाली ओळख!

मित्रांनो, तुम्ही घरी जेवायला बसला आहात. दार उघडतं, कोणी एक अनोळखी माणूस उचलून आणून तुमच्या पाटावर बसवतं, तुमचं ताट त्याच्यापुढे ओढतं आणि तुम्हाला सांगतं, आता मिळून राहा. तुम्ही काय कराल? टाळ्या वाजवाल?

मी गुरगुरलो. गुरगुरणं म्हणजे भांडण नव्हे. उलट भांडण टळावं म्हणून आम्ही आधी गुरगुरतो. जरा लांब हो, मला विचार करू दे, एवढाच त्याचा अर्थ. तिनेही दात दाखवले. तिला माझ्या पोत्यावरून पळायला जागाच नव्हती, मागे भिंत आणि पुढे मी. पण हे मला फार नंतर समजलं. त्या वेळी मिस्त्रींनी माझा कान पिळला.

"लाज नाही वाटत? पाहुणी आहे ती!"

पाहुणी दोन दिवसांनी जाते. ही गेली नाही. वहिनी म्हणाल्या, "नव्याचे नऊ दिवस, होईल सगळं ठीक." नऊ दिवस गेले आणि आणखीही गेले. आक्कांच्या खोलीत ती दिवसा असायची, पण आक्का झोपल्या की कारखान्यात यायची आणि माझ्या पोत्यावर लोळायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मी पोत्याकडे गेलो तर मी दांडगट. ती माझ्या वाटीत तोंड घालायची तर ती बिचारी, नवीन आहे. मी गुरगुरलो तर कान माझा. मग मी गुरगुरणंच सोडून दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घरातल्यांना वाटलं, गिरमिट निवळला. मित्रांनो, कुत्रा गुरगुरायचा थांबला म्हणजे त्याचा राग गेला असं कधी समजू नका. त्याने फक्त सांगणं बंद केलेलं असतं.

तिचा आवाज तर विचारूच नका. नाव मैना आणि भुंकली की गंजलेली बिजागरी. सगळे हसायचे. मीसुद्धा मनातल्या मनात हसायचो. मी तिला मैना म्हणतच नव्हतो, पाचर म्हणायचो. दोन फळ्यांच्या मधे ठोकतात ती पाचर. माझ्या आणि मिस्त्रींच्या मधे ती बरोबर ठोकून बसवली होती.

तेव्हा कारखान्यात एक रंगवाला यायचा. त्याने आमचा अबोला पाहिला आणि मिस्त्रींना सल्ला दिला, "काही मधे पडू नका हो. एकदा जुंपू द्या. कोण मोठं ते ठरलं की आपोआप गप्प बसतात."

सल्ला फुकट मिळतो, निस्तरायला मात्र दुसऱ्यालाच लागतं. मिस्त्रींनी जुंपू दिलं नाही, पण त्यांनी जे केलं ते त्याहून भोळं होतं. एका दुपारी त्यांनी मोठं मटणाचं हाड आणलं, आम्हा दोघांच्या मधोमध टाकलं आणि म्हणाले, "घ्या, वाटून खा."

एक हाड, दोन कुत्रे, आणि वाटून खा! रात्री खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरही त्यांच्या घरातल्या माणसांचं एकमत होत नाही, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो.

काय झालं ते सांगायलाही नको. भुसा उडाला, सरसाचं भांडं कलंडलं, एक खुर्ची पडली. ठकी शाळेतून नुकतीच आली होती. ती दप्तर टाकून धावली आणि आम्हाला सोडवायला तिने मधे हात घातला. त्या गोंधळात तिच्या मनगटाला दात लागले. कोणाचे लागले? मला कळलं नाही. मैनेलाही कळलं नाही. ठकीला तर नाहीच नाही. पण रक्त दिसलं आणि निकाल लागला. मी मोठा, मी काळा, मी गुरगुरणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, इथे तर चोर कोण तेच ठरलेलं नव्हतं.

वहिनी ठकीला घेऊन दवाखान्यात गेल्या. परत आल्यावर घरात जे बोलणं झालं ते मी दाराबाहेर बांधलेल्या अवस्थेत ऐकलं.

"लाकडाच्या वखारीत राखणीला कुत्रा हवाय त्यांना," मिस्त्री म्हणाले. "गिरमिटला तिथे ठेवतो."

"अहो, तो नसता तर हा कारखाना राहिला असता का?" वहिनी म्हणाल्या.

"मग काय करू? मैनेला पाठवू? आक्का अन्न सोडेल. तिचं घर गेलं, चालणं गेलं, आता ती कुत्रीपण घेऊ काढून? आणि उद्या पोरीच्या तोंडाला दात लागले तर?"

मिस्त्रींचा आवाज घोगरा झाला होता, हे मी मान्य करतो. पण घोगऱ्या आवाजाने बांधलेली दोरी सैल होत नाही.

आक्का तेव्हा औषधाच्या गुंगीत होत्या. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. ठकी रडली. तिच्या हाताला पट्टी होती, तरी ती म्हणत होती, "त्याची चूक नाही, मीच हात घातला." लहान मुलाचं रडणं मोठ्यांना ऐकू येतं, त्यातले शब्द ऐकू येत नाहीत.

वखार म्हणजे लाकडांचं गाव. पत्र्याच्या छपराखाली ओंडके, फळ्या, सालपटं. एरवी मला तो वास स्वर्गासारखा वाटला असता. पण साखळीची लांबी संपते तिथे स्वर्ग संपतो. वखारवाला दुष्ट नव्हता. तो नुसता बेफिकीर होता. रंगाच्या रिकाम्या डब्यात पाणी घालायचा, त्यावर रंगाचा तवंग यायचा. पाव फेकायचा तो कधी साखळीच्या आत पडायचा, कधी बाहेर. बाहेर पडलेला पाव कावळे माझ्या डोळ्यांदेखत खायचे. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "कुत्रा आहे. होईल सवय."

मला सवय झाली नाही. मी गिऱ्हाइकांवर भुंकेनासा झालो. कशासाठी भुंकायचं? कोणाच्या चिंध्या जळताहेत याची मी का काळजी करू? मी खाणं कमी केलं. अंगावरचे केस गळायला लागले. मिस्त्री लाकूड न्यायला एकदाच आले. माझ्याकडे न बघता फळ्या मोजू लागले. मी उठून उभा राहिलो. त्यांनी मोजणी अर्ध्यावर सोडली, उरलेल्या फळ्या नंतर नेतो म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा जितका राग आला तितका मैनेचाही कधी आला नव्हता.

इकडे घरी काय घडत होतं ते मला पुढे ठकीने सांगितलं. माझ्या कानात सगळं सांगायची तिची जुनी सवय आहे.

ठकीला दात लागल्याला काही दिवस झाले, तेव्हा मैनेला तपासायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या आक्कांच्या खोलीतच बसल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, "दुसरा कुत्रा कुठे आहे?"

वहिनी औषधांच्या बाटल्या सारख्या करू लागल्या. शेवटी ठकीने सांगितलं.

आक्कांनी उशी सारली आणि दांडा धरून उठून बसल्या. मिस्त्रींना हाक मारली.

"माझ्यासाठी तू त्याला घराबाहेर काढलंस?"

"आक्का, तुला त्रास नको म्हणून..."

"मला विचारलंस?"

"तू आजारी होतीस."

"आजारी होते, मेले नव्हते. माझ्या घराला कुलूप लावलंत तेव्हा मला विचारलं नाहीत. माझं शिवणयंत्र देऊन टाकलंत, विचारलं नाहीत. मी म्हटलं, जाऊ दे, धाकटा भाऊ आहे, मायेने करतोय. पण या मुक्या जिवाचं घर माझं निमित्त करून काढून घेतलंस? मी असल्या घरात राहायची नाही. गाडी काढ, त्याला आणायला मीही येते."

"आत्ता? तुला बसवणार नाही."

"मला बसवतं की नाही ते माझं मला ठरवू दे!"

मिस्त्रींनी टेम्पो काढला. आक्का पुढच्या सीटवर पाठीला दोन उश्या लावून बसल्या. डॉक्टरीणबाई निघता निघता मिस्त्रींना एवढंच म्हणाल्या, "वाईट दोघांतलं कोणीच नाही. तुम्ही ओळखच चुकीची करून दिलीत. त्याला आणल्यावर एकदम घरात नेऊ नका, मी सांगते तसं करा."

वखारीच्या फाटकात टेम्पो थांबला तेव्हा मी पडून होतो. आक्कांनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याच्या डब्याकडे पाहिलं.

"हे पाणी तुम्ही प्याल का हो?" त्यांनी वखारवाल्याला विचारलं.

"कुत्रा आहे, बाई..."

"ते दिसतंय मला. तुमचं काय ते विचारतेय."

वखारवाला डोकं खाजवू लागला. आक्का शाळेतल्या मुलींना चुकलेली शिवण उसवायला लावायच्या तेव्हा असाच आवाज लावत असणार. मिस्त्री साखळी सोडायला खाली बसले. दोनदा बोटं निसटली, कडी निघेना. इतक्या बारीक बिजागऱ्या बसवणारे ते हात! मी त्यांचा हात चाटला नाही. मला राग होता आणि तो मी ठेवला. पण कडी निघाली तेव्हा मी पळून गेलो नाही, त्यांच्या पायाला टेकून उभा राहिलो. त्यांनी माझ्या मानेत तोंड घातलं. बाकी त्यांचं त्यांना ठाऊक.

मला घरी नेलं नाही. आधी नेलं ते गल्लीपलीकडच्या मोकळ्या मैदानात. ते माझंही नव्हतं आणि मैनेचंही नव्हतं. पलीकडच्या टोकाला वहिनी मैनेला दोरीने धरून उभ्या होत्या. मधे इतकं अंतर की ती मला पांढऱ्या ठिपक्याएवढी दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आम्हाला समोरासमोर आणलं नाही. दोघांना एकाच दिशेने चालवलं, त्या बाजूने ती, या बाजूने मी. मी तिच्याकडे बघून पुन्हा मिस्त्रींकडे बघितलं की मला पावाचा तुकडा मिळे. थोडं चाललो की परत. दुसऱ्या दिवशी थोडं जवळून. मग ती चालून गेलेल्या वाटेवरून मला नेलं आणि मी नाक लावलं.

मित्रांनो, तुम्ही माणसं माणसाचं नाव-गाव विचारता. आम्हाला वासातून सगळं कळतं. त्या गवतात मला दवाखान्याचा वास आला, बंद खोलीचा आला, सुती कापडाचा आला आणि भीतीचा आला. मोठी, जुनी भीती. ती माझं पोतं बळकावायला आलेली नव्हती. त्या घरात आक्कांचा वास सोडला तर ओळखीचं तिला काहीच नव्हतं, आणि आक्का झोपल्या की तोही दाराआड जाई. माझ्या पोत्याला मिस्त्रींचा वास होता, आणि मिस्त्री आक्कांचे भाऊ. ती जवळात जवळचा वास शोधत होती.

त्याच सुमाराला ठकीने आक्कांना विचारलं होतं, मैनेचा आवाज असा फाटका का? आक्का म्हणाल्या, "मी जिन्यात पडले तेव्हा शेजारी सगळे कामाला गेले होते. ही माझ्यापाशी बसून भुंकत राहिली. लोक येईपर्यंत भुंकली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चांगला गोड आवाज होता गं तिचा. त्या दिवशी भुंकून भुंकून बसला तो बसलाच."

मी चिंध्यांच्या धुराला भुंकलो तर माझं गावभर कौतुक झालं. ही आपल्या माणसासाठी गळा फाटेपर्यंत भुंकली आणि तिच्या वाट्याला आलं हसणं. त्या दिवशी माझा राग संपला नाही, पण त्याने तोंड फिरवलं. तिलाही कोणी विचारलं नव्हतं. तिलाही उचलून आणून एका परक्या, मोठ्या, काळ्या कुत्र्यापुढे ठेवून दिलं होतं आणि मिळून राहा म्हणून सांगितलं होतं. दोघांनाही न विचारता एकमेकांच्या अंगावर टाकलं, आणि वर भांडतात म्हणून आम्हीच वाईट! तेव्हापासून मी तिला मैना म्हणतो.

घरी परतलो तेव्हा मिस्त्रींनी आक्कांच्या खोलीच्या दारात पट्ट्यापट्ट्यांचं बुटकं फाटक बसवलं होतं. पट्ट्यांमधून दिसायचं, वास यायचा, तोंड मात्र जायचं नाही. माझं पोतं टेबलाखाली, तिची गादी आक्कांच्या पलंगाशी. वाट्या दोन, त्याही फाटकाच्या दोन बाजूंना, आधी लांब आणि मग हळूहळू जवळ. पहिली वाटी माझ्यापुढे ठेवली जाई. बाहेर जाताना पहिली दोरी मला बांधली जाई. मान मिळाला की मन मोठं व्हायला वेळ लागत नाही. मी गुरगुरलो तर आता कोणी कान पिळत नसे. मिस्त्री रंधा थांबवून म्हणत, "बरं, बरं, समजलं," आणि मैनेला हाक मारून बाजूला नेत. समजलं म्हटल्यावर पुन्हा गुरगुरायचं कारणच उरत नसे.

एका सकाळी वहिनी फाटक लावायला विसरल्या. मैना दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. मी तिच्याकडे पाहिलं, मग तोंड दुसरीकडे केलं. आमच्यात याचा अर्थ, ये. ती आली, पोत्यापासून हातभर लांब भुशात बसली आणि तिला शिंक आली. मिस्त्रींनी रंधा चालूच ठेवला, पण त्यांचा पाय माझ्या पाठीवर एकाच जागी दाबून धरलेला होता.

आम्ही गळ्यात गळे घालून झोपतो असं ऐकायची तुमची अपेक्षा असेल तर माफ करा. तसं काही झालेलं नाही. ती घोरते. माझ्या तोंडावर शिंकते. हाड आजही आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत देतात आणि तेच बरोबर आहे. पण हल्ली मला कमी ऐकू येतं. दारात कोणी आलं की मैना आधी उठते आणि माझ्याकडे बघते. तिचा फाटका आवाज ती वापरत नाही. ती उठली की मी भुंकतो. घरात सगळ्यांना वाटतं, गिरमिटचे कान अजून शाबूत आहेत. हे तुम्ही कोणाला सांगू नका.

परवाच एक गिऱ्हाईक आलं. कुशीत गुबगुबीत पिल्लू, आणि कुत्र्याचं लाकडी घर बनवून हवं म्हणालं. मिस्त्रींनी मापं घ्यायला पेन्सिल कानावरून काढली.

"घरी आणखी कोणी आहे?"

"आहे ना, एक म्हातारा कुत्रा आहे. त्याला सोबत म्हणूनच हे नेतोय."

"त्याला भेटवलंत?"

"त्यात काय भेटवायचं? नेऊन सोडतो. लहान पिल्लाला काय करतोय तो?"

मिस्त्रींनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. त्यांचं नाक लाल झालं. "साहेब, मी घर बनवणार नाही," ते म्हणाले. "आधी त्या म्हाताऱ्याला मैदानात घेऊन या. पिल्लाला लांबून दाखवा, हळूहळू जवळ आणा. त्याची वाटी, त्याची जागा त्याचीच ठेवा. त्याने गुरगुरून काही सांगितलं तर ऐकून घ्या. मग या. तेव्हा दोन घरं बनवीन, आणि म्हाताऱ्याचं आधी बनवीन."

आतून आक्कांचा आवाज आला, "आणि पिल्लाचंही कोणी ऐका! त्यालाही आईपासून उचलून आणलंय."

गिऱ्हाईक गोंधळलं, पण पिल्लू घेऊन बाकावर बसलं आणि काय काय करायचं ते नीट विचारू लागलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी नवा पाहुणा येणार असेल, चार पायांचा असो की दोन पायांचा, तर पडदे नि पलंग ठरवताना जो आधीपासून तिथे राहतो आहे त्याच्यापाशीही घटकाभर बसा, आणि जो येतो आहे त्याच्यापाशीही. प्रेम वाटल्याने कमी होत नाही, असं तुम्ही म्हणता. खरं असेल. पण ज्याच्या वाटीतलं वाटून देणार आहात, त्याला निदान आधी सांगत जा.